कॉर्डलेस माईकची खरखर: तिसऱ्या घंटेआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"दुपारी चेक केले तेव्हा सगळे माईक एकदम क्लीन होते हो!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो: चेक करताना बाकीचे माईक चालू होते का? बहुतेक वेळा नसतात. एक लेपल (कपड्याला लावायचा छोटा माईक) लावला, 'हॅलो, वन टू थ्री' म्हटलं, बंद करून ठेवला, मग दुसरा घेतला. असे आठही पास. प्रयोगात आठही एकदम चालू झाले आणि दुसऱ्या प्रवेशात नायिकेच्या संवादात फटफट सुरू.

ही परीक्षाच उलटी आहे. एक चालू आणि बाकी बंद ठेवून फारसं काही कळत नाही. एक बंद आणि बाकी सगळे चालू ठेवून बघायचं, आणि त्या बंद माईकचा रिसीव्हर शांत राहतो का ते तपासायचं. खालचे सगळे टप्पे या एका तपासणीत पास होण्यासाठी आहेत.

उदाहरण संगीत नाटकाचं घेतोय. आठ लेपल, दोन हातातले कॉर्डलेस, आणि ट्रक लागल्यापासून तिसऱ्या घंटेपर्यंत जेमतेम अडीच-तीन तास. ऑर्केस्ट्रा असो, कीर्तन असो की गणपती मंडळाचा कार्यक्रम, क्रम हाच राहतो.

आधी हे ठरवा: खरखर रेडिओचीच आहे का?

'इंटरफेरन्स' म्हणून माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं इंटरफेरन्सची नसतातच. फ्रिक्वेन्सी बदलण्याआधी रिसीव्हरवरचा आरएफचा, म्हणजे रेडिओ सिग्नलचा, मीटर बघा. हा आवाजाच्या मीटरच्या शेजारचा दुसरा मीटर, आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

मीटर भरलेला आहे आणि तरी खरखर होते, म्हणजे बहुतेक दोष हवेत नाही. नटाने मान वळवली की आवाज येतो? मग मंगळसूत्र, ठुशी किंवा शेल्याची किनार लेपलवर घासतेय. पॅकजवळची (पॅक म्हणजे नटाच्या अंगावरची ट्रान्समीटरची डबी) वायर दोन बोटांत धरून हलवल्यावर कडकड होते? वायर कनेक्टरच्या तोंडाशी तुटत आलीय. आवाज हळूहळू घोगरा आणि दबका होत गेला तर कॅप्सूलमध्ये घाम गेलाय.

मीटर खाली पडतो आणि तेव्हाच आवाज तुटतो, म्हणजे तुमचा सिग्नल रिसीव्हरपर्यंत पोचत नाहीये. हे काम अँटेनाचं आणि अंगावरच्या पॅकचं आहे. इथे फ्रिक्वेन्सी बदलून उपयोग नाही.

पॅक बंद केला तरी मीटर जळतोच आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा सिग्नल तुमच्या जागेवर बसलाय. खरा इंटरफेरन्स हा.

'टिर्र-टिक-टिक-टिर्र' असा ठेक्यातला आवाज येत असेल तर तो मोबाइलचा. टू-जीवर असलेला फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा धडका मारत पाठवतो आणि त्या धडका मिक्सरच्या किंवा लेपलच्या वायरमध्ये शिरतात. मिक्सरवर ठेवलेला ऑपरेटरचा स्वतःचाच फोन आधी उचला.

> लक्षात ठेवा: डिजिटल कॉर्डलेस खरखरत नाही. तो ठीक असतो, ठीक असतो आणि एकदम गप्प होतो. खरखर येत नाही म्हणून डिजिटलला इंटरफेरन्स नाही असं समजू नका. आधी सूचना मिळत नाही, एवढाच फरक.

टप्पा १: हवेत काय काय आहे, ते कागदावर लिहा

ट्रक रिकामा होत असतानाच हे काम उरकतं. एका कागदावर तीन रकाने करा: कुणाचं, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कधी चालू.

आपले आठ आणि दोन माईक सगळ्यांनाच आठवतात. विसरतात ते हे: नाट्यगृहाचे स्वतःचे कॉर्डलेस (सत्काराच्या वेळी कुणीतरी कपाटातून काढतंच), गायकांचे कानातले मॉनिटर, बॅकस्टेजचे वॉकीटॉकी, पाहुण्यांसोबत आलेल्या कॅमेरावाल्यांचे माईक, आणि हल्ली रीलसाठी कॉलरला लावायचे छोटे माईक. हे छोटे माईक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तुमचा संचही २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर वायफाय, ब्लूटूथ आणि प्रेक्षकांचे हॉटस्पॉट याच गर्दीत आहेत. दोन-तीन माईकच्या व्याख्यानाला तो पुरतो. आठ पात्रांच्या नाटकाला मी तो नेणार नाही.

नंतर आपल्या पॅकवरचं लेबल वाचा. पॅकवर बँड, म्हणजे तो ज्यावर चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, छापलेला असतो. भाड्याच्या दुकानांत ७०० मेगाहर्ट्झच्या वरचे जुने संच अजून फिरतात, आणि घोळ तिथे होतो. ७०० च्या बँडमध्ये ७०३ ते ७४८ हा भाग फोनकडून टॉवरकडे आणि ७५८ ते ८०३ टॉवरकडून फोनकडे असा वाटलेला आहे. २०२२ च्या लिलावात त्यातले पट्टे विकले गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात फाइव्ह-जी सुरू झालं. त्याच्या वर ८२४ ते ८४४, ८६९ ते ८८९, आणि ८९० पासून पुढे ९०० चा बँड, हेही मोबाइलचेच.

असा संच रिकाम्या थिएटरात छान चालतो आणि हाउसफुल झाला की मान टाकतो. त्यात जादूटोणा नाही. टॉवर लांब असतो, पण टॉवरशी बोलणारे शेकडो फोन तुमच्या रिसीव्हरपासून वीस-तीस फुटांवर येऊन बसलेले असतात. ४७० ते ७०० मधला संच मिळत असेल तर तोच मागा. दुकानदाराला 'चांगला कॉर्डलेस द्या' एवढंच सांगू नका, बँड विचारा.

टप्पा २: अँटेना आधी, फ्रिक्वेन्सी नंतर

लोक हा क्रम उलटा करतात. स्कॅन (हवेत कुठे कुणाचा सिग्नल आहे ते बघणं) आधी करतात, रिसीव्हर मागून कुठेतरी सरकवतात. अँटेना हलली की ऐकू येणारी हवाही बदलते, आणि आधीचा स्कॅन फुकट जातो.

रिसीव्हर विंगेत ठेवा, मिक्सरजवळ नको. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागे असेल तर आवाजाची केबल लांब न्या, अँटेनाची नको. ऑडिओला तीस मीटर म्हणजे काहीच नाही. आरएफला आहे. बारीक आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये साधारण चार डेसिबल खाते. जाड, कमी नुकसानीची केबल तेवढ्याच अंतरात एक-दीड डेसिबलवर भागवते. अडचणीत सापडलात तर केबल टीव्हीची आरजी-६ वापरा. ती ७५ ओहमची आणि आपला सरंजाम ५० ओहमचा, म्हणून जाणकार नाक मुरडतात. पण या न जुळण्याने होणारं नुकसान किरकोळ आहे आणि आरजी-५८ पेक्षा ती कमीच खाते. टोकाला चांगले बीएनसी कनेक्टर मात्र हवेत.

अंतराचा हिशेब एकदा मनात बसला की अर्धे वाद मिटतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डेसिबलने उतरतो. नट रिसीव्हरपासून वीस मीटरवर होता आणि तुम्ही अँटेना पाच मीटरवर आणलीत, तर बारा डेसिबल मिळाले. तेच पॅकची पॉवर १० मिलिवॅटवरून ५० वर नेलीत तर मिळतात सातच, वर सेल लवकर संपतात आणि टप्पा ४ मध्ये सांगितलेलं भूत एकवीस डेसिबलने वाढतं.

आता अँटेना लावताना:

१. डोक्याच्या वर, सात-आठ फूट उंचीवर. माईक स्टँडला बांधली तरी चालते. नट आणि अँटेना यांच्यामध्ये माणसं, सेटची लोखंडी फ्रेम आणि पत्रा नको.

२. दोन्ही अँटेना एकमेकींना चिकटवू नका. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते. दोघींमध्ये निदान पाव लांबी, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर हवं. अर्धा मीटर असेल तर उत्तम. रिसीव्हरवरच्या दांड्या असतील तर इंग्रजी व्हीसारख्या फाकवा.

३. एलईडी वॉल, त्याचे पॉवर सप्लाय आणि दिवे कमी-जास्त करणारे डिमर यांच्यापासून निदान तीन मीटर दूर. वॉलच्या मागे तर नाहीच. काही वॉल सबंध यूएचएफमध्ये (आपले माईक चालतात त्या सगळ्या पट्ट्यात) कचरा ओततात, आणि तो कोणत्याही एका फ्रिक्वेन्सीवर नसल्यामुळे फ्रिक्वेन्सी बदलून सुटत नाही.

४. कानातल्या मॉनिटरचा ट्रान्समीटर रिसीव्हरच्या अँटेनाजवळ ठेवू नका. वॉकीटॉकीचंही तेच. पाच वॅटचा वॉकीटॉकी तुमच्या १० मिलिवॅटच्या लेपलच्या पाचशे पट जोरात ओरडतो. फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी जवळून बोलल्यावर रिसीव्हरचं तोंडच बंद होतं.

> चूक: सगळे रिसीव्हर लोखंडी रॅकमध्ये, दांड्या मागच्या बाजूला, आणि रॅकचं दार बंद. पत्र्याच्या डब्यात ट्रान्झिस्टर लावून बातम्या ऐकण्याचाच प्रकार आहे.

चार-पाचपेक्षा जास्त रिसीव्हर असतील तर प्रत्येकाच्या दोन अशा दांड्यांचं जंगल करू नका. अँटेना डिस्ट्रिब्यूटर (अँटेनाचा सिग्नल सगळ्या रिसीव्हरना वाटणारी पेटी) घ्या, दोनच अँटेना लावा. पण बूस्टर लावून सिग्नल 'वाढवायचा' मोह टाळा. बूस्टर केबलमध्ये गेलेलं भरून काढण्यापुरता असतो. त्याहून जास्त दिला तर कचराही तितकाच वाढतो आणि रिसीव्हर गुदमरतो.

टप्पा ३: स्कॅन, पण सगळं चालू ठेवून

अँटेना कायमच्या जागी गेल्या. आता प्रयोगात जे जे चालू असणार ते सगळं चालू करायला सांगा: एलईडी वॉल, चित्र दाखवत असलेली, दिवे, डिमरवर अर्धे, प्रोजेक्टर, वॉकीटॉकी, नाट्यगृहाचे माईक, कानातले मॉनिटर. प्रकाशवाले म्हणतील, "अजून फोकस लागायचाय." त्यांना एवढंच सांगा की पाच मिनिटं हवीत, नंतर त्रास देणार नाही. ही पाच मिनिटं मागायला संकोच वाटतो म्हणूनच निम्मे घोटाळे होतात.

आपले स्वतःचे पॅक मात्र बंद. सेल काढून ठेवा, नुसते म्यूट नको. म्यूट केलेला पॅक आवाज पाठवत नाही, पण रेडिओ पाठवत राहतो. आपलाच सिग्नल 'अडथळा' म्हणून दिसला की पुढचं सगळं चुकतं.

स्कॅन रिसीव्हरमधल्या सोयीने करा किंवा हातातल्या स्पेक्ट्रम ॲनलायझरने. टायनीएसएसारखं छोटं यंत्र नाटकवाल्यांच्या खिशालाही परवडतं, आणि कचरा वॉलचा आहे की शेजारच्या सभागृहाचा, हे डोळ्यांनी बघितल्यावर भांडणं कमी होतात. लॅपटॉप असेल तर शुअर कंपनीचं वायरलेस वर्कबेंच हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि दुसऱ्या कंपन्यांचे संचही त्याच्या हिशेबात धरता येतात.

> तपासणी: वॉल बंद करून स्कॅन, वॉल चालू करून स्कॅन. दोन्हींमध्ये तळाची रेषा सगळीकडे वर सरकली तर अँटेना अजून जवळ आहे. टप्पा २ ला परत जा. आत्ता दहा मिनिटं जातील, नंतर प्रयोग जाईल.

टप्पा ४: आठ फ्रिक्वेन्सी एकमेकींशी भांडणार नाहीत अशा निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन ट्रान्समीटर जवळजवळ आले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आत शिरतो आणि दोघांच्या मिश्रणातून तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर सिग्नल तयार होतो. तिथे कुणाचाच माईक नसतो, तरी रिसीव्हरला कुणीतरी दिसतं. इंटरमॉड्युलेशन म्हणतात ते हेच. गणित सोपं आहे: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट, वजा दुसरी. ६०६ आणि ६०७ वर दोन माईक असतील तर भुतं ६०५ आणि ६०८ वर. तिघे असतील तर दोघांची बेरीज वजा तिसरा, हाही एक प्रकार होतो.

आता नेहमीची चूक बघा. नीटनेटकं दिसावं म्हणून आपण ६०६, ६०७, ६०८, ६०९ असं एकेकाच्या अंतराने लावतो. पहिल्या दोघांचं भूत बरोब्बर तिसऱ्याच्या डोक्यावर, दुसऱ्या-तिसऱ्याचं चौथ्याच्या. समान अंतरावर लावणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे.

आठ माईकमध्ये दोघादोघांची अशी ५६ आणि तिघातिघांची १६८ भुतं होतात. हाताने मोजत बसू नका. एक नियम पाळा: कोणत्याही दोन माईकमधलं अंतर दुसऱ्या कोणत्याही दोघांमध्ये पुन्हा येता कामा नये. अंतर पुन्हा आलं नाही, तर यातलं एकही भूत कुणाच्या जागेवर बसत नाही.

चार माईकसाठी पहिल्यापासूनची अंतरं: ०, ०.४, १.६, २.४ मेगाहर्ट्झ.

आठ माईकसाठी: ०, ०.४, १.६, ३.६, ६.०, ८.८, १२.८, १३.६ मेगाहर्ट्झ.

पहिला ६०६.००० वर ठेवला, तर बाकीचे ६०६.४००, ६०७.६००, ६०९.६००, ६१२.०००, ६१४.८००, ६१८.८०० आणि ६१९.६००. कोणत्याही दोघांची वजाबाकी करून बघा, उत्तर दुसऱ्यांदा येणार नाही. प्रत्येक भूत जवळच्या माईकपासून निदान ०.४ मेगाहर्ट्झ दूर पडतं, आणि तेवढं अंतर बहुतेक संचांना पुरतं. याहून गुंतागुंतीच्या मिश्रणांची भुतं उरतात, पण ती अशक्त असतात. पॅक एकमेकांना चिकटवले नाहीत तर त्रास देत नाहीत.

स्कॅनमध्ये ६०९.६ वर कुणीतरी बसलेला दिसला तर तो एकच माईक बाजूला सरकवू नका, मांडणी मोडेल. सगळी माळ एकदम सरकवा, सुरुवात ६०७.००० पासून. तरी जमलं नाही तर माळ उलटी करा. अंतरं तीच राहतात.

हातातले दोन माईक याच्यापासून लांब ठेवा. वरच्या आठांची भुतं ५९२.४ ते ६३३.२ एवढ्या पट्ट्यातच पडतात. हातातल्यांचे संच वेगळ्या बँडचे असतील तर त्यांना या पट्ट्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सी द्या. त्या दोघांमधलं अंतरही वरच्या अंतरांपैकी नको. ६.४ मेगाहर्ट्झ चालतं. माईक दहाच्या पुढे गेले की हा हिशेब सॉफ्टवेअरवर सोपवा.

तयार ग्रुप वापरणाऱ्यांसाठी: रिसीव्हरमध्ये कंपनीने 'ग्रुप १', 'ग्रुप २' असे संच दिलेले असतात. एका ग्रुपमधले चॅनेल एकमेकांशी जुळवलेले असतात. सगळे माईक एकाच ग्रुपमधून घ्या. पहिला माईक ग्रुप १ मधून, दुसरा २ मधून, तिसरा ३ मधून असं 'वाटून' घेणारे मी पाहिलेत. त्यांना वाटतं लांब लांब ठेवलं. खरं तर जुळवणीच मोडली. दोन कंपन्यांचे ग्रुप मिसळले तरी तेच होतं.

> लक्षात ठेवा: बदलीसाठीच्या दोन फ्रिक्वेन्सीही याच माळेतून, आधीच ठरवा. सहा पात्रं असतील तरी आठांची माळ काढा आणि दोन मोकळ्या ठेवा. प्रयोगात घाईने शोधलेली 'मोकळी' जागा अनेकदा एखाद्या भुताचीच असते.

फ्रिक्वेन्सी भरून झाल्यावर पॉवर सगळ्यांची सारखी आणि कमी ठेवा, १० मिलिवॅट किंवा पॅकवर असेल ती सगळ्यात खालची. वर उल्लेख केलेलं भूत ते हे: पॉवर एक डेसिबल वाढली की ही मिश्रणं तीन डेसिबलने वाढतात. सात वाढवलेत तर भुतं एकवीसने.

स्क्वेल्च (सिग्नल फार अशक्त झाला की आवाज बंद करणारी रिसीव्हरमधली सोय) कंपनीने दिलेल्या जागीच असू द्या. खरखर झाकण्यासाठी तो चढवला तर रेंज कमी होते आणि मग आवाज तुटतो. एका दुखण्याच्या जागी दुसरं.

टप्पा ५: पॅक अंगावर, पोशाखासकट

एका लावणीच्या कार्यक्रमात एका कलावतीचा माईक पहिल्या मिनिटापासून तुटत होता. तालमीत ठणठणीत. मी चाळीस मिनिटांत तीन फ्रिक्वेन्सी बदलल्या. शेवटी कपडेपटातल्या मावशी म्हणाल्या, "अहो दादा, पट्टा बांधल्यापासून होतंय ते." कंबरपट्टा! पॅक कमरेला, अँटेना खाली लोंबत, आणि तिच्यावरून धातूचा पट्टा घट्ट आवळलेला. तालमीत तिने तो बांधलाच नव्हता. पॅक चार बोटं वर सरकवला आणि मीटर भरला.

नऊवारीत काष्ट्यामागे पॅक खोचायची सवय आहे. पात्र बसलं की पॅक दबतो आणि अँटेना मुडपते. खऱ्या जरीत धातूची तार असते. काठाच्या चार घड्या कमरेवर पडल्या की अँटेनाभोवती जाळीच होते. पॅक पाठीच्या कण्याच्या खोलगट भागात, काठाच्या वर, कापडी पिशवीत ठेवा. धोतर-अंगरख्यात आतल्या बंडीला पाठीवर खिसा शिवून घ्या. शिंपीकाकांचं दहा मिनिटांचं काम आहे. टोप किंवा गंगावन असेल तर छोटा पॅक त्यात बसवणं उत्तम, घामापासूनही दूर राहतो.

अँटेना सरळ लोंबू द्या, गुंडाळू नका, लेपलच्या वायरला पीळ देऊन बांधू नका. ओल्या त्वचेला चिकटलेली अँटेना अर्धी मेलेली असते, मध्ये कापडाची एक घडी हवी. घामासाठी पॅकवर फुगा किंवा कंडोम चढवणं ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. हसायचं ते तालमीत हसून घ्या.

हातातल्या माईकची अँटेना बऱ्याचदा खालच्या टोकाला असते. गायक तिथेच मूठ वळतात. टोकाला रंगीत टेप लावा आणि सांगा, "टेपला हात नको."

सेल प्रत्येक प्रयोगाला नवे किंवा पूर्ण भरलेले. उरलेले सेल निवेदकाच्या माईकला, नायकाच्या नाही.

टप्पा ६: खरी परीक्षा

पात्रं पोशाखात, सगळे पॅक चालू, दिवे आणि वॉल चालू. दोन तपासण्या, याच क्रमाने.

पहिली: एक बंद, बाकी चालू. आठही पात्रं प्रवेशात असतात तशी मंचावर उभी करा. क्रमांक एकचा पॅक बंद करा, त्याचा रिसीव्हर बघा. मीटर शून्य आणि लाउडस्पीकर शांत, तर पास. पॅक चालू करा, दोनचा बंद करा. दहा माईकना चार-पाच मिनिटं लागतात. कुणाचा मीटर बंद पॅकवरही जळला तर तिथे दुसरा सिग्नल आहे. बदलीची फ्रिक्वेन्सी द्या आणि सगळ्यांची तपासणी पुन्हा घ्या, कारण एक हलला की भुतं हलतात.

दुसरी: चालून बघणं. प्रत्येक पात्र आपल्या एंट्रीच्या विंगेतून येऊन एक्झिटपर्यंत चालेल, बोलत. मध्ये अँटेनाकडे पाठ करेल, बसेल, मरण्याचा प्रवेश असेल तर आडवं पडेल. एक माणूस मीटरसमोर. साउंडवाल्या मुलाने पॅक हातात उंच धरून मंचावर फेरी मारणं म्हणजे चालून बघणं नव्हे. त्याच्या अंगाचा अडथळाच नाही त्यात.

> तपासणी: रिकाम्या प्रेक्षागृहात कुठेही मीटर एक-दोन काड्यांवर आला तर त्याला पास समजू नका. माणसं भरली की सिग्नल आणखी उतरतो. अँटेना वर घ्या किंवा त्या बाजूला सरकवा.

टप्पा ७: तिसऱ्या घंटेनंतर

चेक झाला की पॅक गोळा करून ठेवायची पद्धत असते, आणि मोठी गंमत तिथेच होते. एकदा पाचव्या माईकमध्ये अचानक घुरघुर सुरू झाली. कारण शोधत रंगपटात गेलो तर इस्त्रीच्या टेबलावर चार पॅक ओळीने, एकमेकांना टेकून, चारही चालू! चहाच्या ट्रेसारखे मांडलेले. इंटरमॉड्युलेशन तयार करायला याहून चांगली मांडणी सापडणार नाही. अंगावर नसलेला पॅक बंद. एकापेक्षा जास्त चालू ठेवायचेच असतील तर हातभर अंतर ठेवा.

पॅक बंद करण्याआधी मिक्सरवर तो चॅनेल म्यूट करा, नाहीतर 'फट्ट' आवाज येतो. एक्झिट झालेल्या पात्राचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली, पॅक चालूच. प्रयोग चालू असताना नटाने पॅकच्या बटणाला हात लावायचा नाही. बटण लॉक करा, नाहीतर टेप मारा.

प्रयोगात खरखर आलीच तर:

१. तो चॅनेल म्यूट करा. शेजारच्या पात्राच्या लेपलचा फेडर थोडा वर घ्या. जवळ उभी असतील तर संवाद ऐकू जातो.

२. मीटर बघा. भरलेला आहे की पडतोय? पहिल्या भागातलं निदान इथे दहा सेकंदांत होतं.

३. पात्र विंगेत येईपर्यंत फ्रिक्वेन्सीला हात लावू नका. रिसीव्हर बदललात आणि पॅक अंगावर जुन्याच फ्रिक्वेन्सीवर राहिला तर उरलासुरला आवाजही गेला.

४. विंगेत पॅक बदला, फ्रिक्वेन्सी नको. बदलीचा पॅक आणि त्याचा रिसीव्हर आधीच जोडलेला, नवे सेल घातलेला, विंगेतल्या खुर्चीवर बंद अवस्थेत तयार हवा. चालू करून पात्राला लावा आणि मिक्सरवर तो चॅनेल उघडा. वायर शर्टाबाहेरून आली तरी चालेल, मध्यंतरात नीट बसवू.

मंडपात एक काम जास्त आहे. गणपतीत किंवा नवरात्रात शेजारच्या मंडळाचाही कार्यक्रम असतो, आणि त्यांचा साउंडवाला तुमच्यासारख्याच दुकानातून तसाच संच घेऊन आलेला असतो. संध्याकाळी पाच वाजता चालत जा, चहा घ्या, दोघांच्या फ्रिक्वेन्सी एका कागदावर लिहा आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. स्कॅनला हे दिसणार नाही, कारण त्याने संच साडेसातला चालू केलेला असतो.

प्रयोग संपल्यावर सेट उतरत असताना वहीत चार ओळी लिहा: गाव, नाट्यगृह, कोणत्या माळेवर चाललं, अँटेना कोणत्या विंगेत होती. पुढच्या दौऱ्यात त्याच गावी गेलात की टप्पा ४ सोपा होतो. टप्पा ३ मात्र पुन्हा करायचाच. दरम्यान तिथे नवी वॉल बसली असेल.